मावशीची किंकाळी

माझी मथुरामावशी सदतीस वर्षं एकच थाप मारत आली आहे, असं आम्ही घरातले सगळे धरून चाललो होतो. थाप अशी: ‘काळी घोंगडी’ या सिनेमात नायिका जी किंकाळी फोडते, ती त्या नटीची नाही, मावशीची आहे.

सिनेमा जुना. सहलीला आलेली पोरंपोरी नळदुर्गच्या किल्ल्यात शिरतात आणि घोंगडीत तोंड लपवलेला एक जण विळा घेऊन त्यांना एकेक करून कापतो. शेवटी एकटी उरलेली नायिका बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात सापडते, आणि मग ती किंकाळी. मी तो ईट गावच्या जत्रेत, तंबूत पाहिला. सात वर्षांचा होतो, मावशीच्या मांडीवर बसलेलो. तिनं माझे दोन्ही कान घट्ट दाबले, तरी किंकाळी आत शिरलीच. पुढं कित्येक वर्षं कुठं घोंगडी वाळत घातलेली दिसली तरी मला ती ऐकू यायची.

मावशी तुळजापुरात कवड्यांच्या माळा ओवते. ओवता ओवता गिऱ्हाइकांनाही सांगते. तिचा नवरा उत्तरेश्वरकाका शूटिंगवाल्यांच्या स्वयंपाकाला होता आणि ही भाकऱ्या थापायला. ऐन वेळी नटीचा घसा बसला. आवाज भरणाऱ्या माणसानं विचारलं, इथं कुणाला ओरडता येतं? मावशी लहानपणी ईटला माळ्यावर उभी राहून ज्वारीची राखण करायची. तिच्या आरोळीनं तीन शेतांपलीकडची पाखरं उठायची. तशीच पिठाच्या हातांनी ती पाणीमहालात गेली, ओरडली, परत आली आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी करपली नव्हती, हे ती आवर्जून सांगते. पडद्यावर तिचं नाव काही आलं नाही. काका गेले आणि साक्षीदारही संपला. मी तर तिला चारचौघांत ‘किंकाळीसम्राज्ञी’ म्हणायचो. ती हसायची नाही. मला ते दिसायचं, तरी मी म्हणायचो.

गेल्या भाद्रपदात पुण्याहून अर्पिता नावाच्या मुलीचा माझ्या लॉजवर फोन आला. ती ‘काळी घोंगडी’ नव्यानं करत होती, आताच्या प्रेक्षकांसाठी, आणि तिला खोल्या हव्या होत्या. मी गंमत म्हणून मावशीची थाप सांगितली.

“भाकऱ्या थापणाऱ्या बाई?” ती म्हणाली. “त्या आहेत अजून?”

आवाज भरणाऱ्या त्या माणसानं मरण्याआधी तिला हेच सांगितलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मावशीसाठी काहीतरी करायचंच, या भरात मी अर्पिताला म्हणालो, “नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात या. गर्दी नसते, खोल्या मोकळ्या असतात.” तिनं त्याच दिवसांची किल्ल्याची परवानगी काढली. तुळजापुरात जन्मलेल्या माणसानं ही चूक करावी! पण लॉजवाल्याच्या डोक्यात सगळे सण खोल्यांच्या हिशेबानंच राहतात.

तो आठवडा देवीच्या निद्रेचा. देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते, ती घटस्थापनेला उठते. त्या दिवसांत सगळं गाव पेंगल्यासारखं असतं. ढग खाली येतात, दुकानदार भर दुपारी डुलक्या काढतात, घंटासुद्धा लांबून वाजल्यासारखी वाटते. मावशी तर गादी सोडून भुईवर निजते आणि कुजबुजत बोलते. कुकरला शिट्टी नको म्हणून भात उघड्या पातेल्यात शिजवते.

अर्पिता आली, पाया पडली. नव्या सिनेमात काय काय बदललंय ते तिनं सांगितलं. “आता नुसत्या रक्तानं कुणी घाबरत नाही, मावशी. पोरी नुसत्या पळत सुटत नाहीत. सगळं बदलणार आहे मी. फक्त किंकाळी तुमचीच हवी, तिथंच, पाणीमहालात. या वेळी पडद्यावर नाव येईल तुमचं.”

मावशीचे डोळे भरून आले. मग ती कुजबुजली, “बाई, देवी निजलीय. म्या कशी वरडू?”

“किल्ला तर तीस-पस्तीस किलोमीटर लांब आहे.”

“माझा आवाज तुला ठावं न्हाय.”

परवानगी चार दिवसांची होती. देवी उठणार सहाव्या दिवशी, आणि तोवर नव्या सिनेमातली नटी दुसऱ्या कामाला जाणार. मी मावशीवर चिडलो. म्हणालो, “सदतीस वर्षं आमचं डोकं खाल्लंस आणि आता नाव यायची वेळ आली तर नाही म्हणतेस?”

“मला काय नगं वाटतंय व्हय रे?” तिनं पदर तोंडाशी धरला. “लई वाटतंय. पर तिची झोप मोडून न्हाय.”

चिडलो होतो खरा तो स्वतःवर. तारीख मी दिली होती.

चौथ्या दिवशी दुपारी अर्पिता म्हणाली, “ओरडू नका. उभ्या कुठं होतात, तेवढं दाखवा.” आम्ही गेलो. पाणीमहालाच्या खिडकीबाहेर पाणी कोसळत होतं आणि त्याचा हिरवा उजेड छतावर हलत होता. मावशीनं चपला काढल्या, भिंतीला हात लावत चार पावलं गेली आणि थांबली. पीठ झटकावं तसे तिनं हात झटकले. डोळे मिटले, तोंड उघडलं.

आवाज आला नाही. मानेच्या शिरा ताठ झाल्या, श्वास आत जात राहिला, जातच राहिला, संपेचना. तेवढ्यात वरच्या कोनाड्यातली सगळी कबुतरं एकदम उडाली. मी सात वर्षांचा झालो होतो.

अर्पिताच्या माणसानं आवाज भरायचं यंत्र सुरूच ठेवलं होतं. तिनं ते बंद करायची खूण केली. मग म्हणाली, “माझी नायिका ओरडणारच नाही.”

जीपमध्ये मावशीनं माझा हात धरून विचारलं, “वरडले तर न्हाय ना म्या?”

“नाही गं.”

चैत्रात सिनेमा लागला. मी तिला सोलापूरला घेऊन गेलो. पाणीमहाल आला, घोंगडी आली. नायिकेनं तोंड उघडलं आणि थिएटरभर फक्त एक श्वास आत जात राहिला. शेजारच्या पोरांच्या हातातल्या लाह्या तशाच राहिल्या. तो श्वास कुणाचा हे त्या अंधारात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आणि मावशीनं माझे दोन्ही कान दाबले. दोरा ओढून ओढून टणक झालेली तिची बोटं. कान झाकावेत असा आवाज तिथं नव्हता, आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा लॉजमालक. पण मी हललो नाही. तंबूतही तिनं माझे कान स्वतःच्याच आवाजापासून झाकले होते. हे मला त्या थिएटरात कळलं. मला रडू आलं.

सिनेमा संपला, लोक उठू लागले, नावं वर सरकू लागली. मावशीला लांबचं दिसत नाही. तिनं मला कोपर मारलं. तेवढ्यात ती ओळ आली आणि मी तिच्या कानाशी हळूच वाचलं, “किंकाळी: मथुराबाई उत्तरेश्वर.”

“मोठ्यानं वाच की रं,” ती म्हणाली. “आता देवी जागी हाय.”

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचलं.