नंबर तिचा, ऐकणारी दुसरीच

पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सहाय्यक फौजदार होऊन घरी बसलो. खून पाहिले, दरोडे पाहिले. बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. ही एक केस मात्र जशीच्या तशी डोळ्यासमोर येते, आणि हिच्यात तर आरोपीच नव्हता. माझं शिक्षण बेताचं, जमेल तसं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं अजून आहेत आणि त्यांना त्यांचं सुखानं जगू द्यावं.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. ठाण्याच्या पाटीवर शहराचं नवं नाव नुकतंच रंगवलं होतं आणि आत सगळं ऑनलाइन झालं होतं. नोंद कागदावर करायची ती करायचीच, वर कॉम्प्युटरवरही चढवायची. मी दोन बोटांनी टाईप करायचो. सायबरचं काम बघणारी आमची एक हवालदार बाई होती, वयानं बरीच लहान, जिभेनं तिखट. ती म्हणायची, "दादा, माऊस आहे तो. आरोपीची मान धरल्यासारखा धरू नका."

एके सकाळी हजेरी नुकतीच संपली होती. मी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर होतो. करमाडकडचा एक म्हातारा आला. पांढरा सदरा, गळ्यात दोरीला बांधलेला मोबाईल.

"जयभीम साहेब."

"जयभीम. बसा बाबा. काय काम काढलं?"

"माझी मंडळी सापडली."

मी त्याला ओळखलं. त्याची बायको आदल्या उन्हाळ्यापासून बेपत्ता होती आणि मिसिंगची नोंद आमच्याकडेच होती. म्हातारी चष्मा करायला शेजारणीबरोबर शहरात, औरंगपुऱ्यात आली होती. शेजारीण दुकानात गेली, ही बाहेर पायरीवर बसली. शेजारीण बाहेर आली तर पायरी रिकामी. आम्ही बसस्टँड धुंडाळलं, दवाखाने पाहिले, सगळ्या ठाण्यांना फोटो पाठवला. रेल्वे स्टेशनच्या कॅमेऱ्यात ती फलाटावरच्या गर्दीत दिसली. पुढे काहीच नाही. तिच्या मोबाईलचं शेवटचं ठिकाण तेच, नंतर फोन बंद. करमाडला जायला गाडी धरली असेल असं सगळ्यांनी धरून चाललं, म्हणून शोधही करमाड-जालन्याच्या अंगालाच झाला.

"कुठं सापडली?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं मोबाईल पुढं केला. "हितं. ऐकायलीय ती."

मला काही उमजेना. त्यानं उघडून दाखवलं. बायकोच्या नंबरावर तो रोज सकाळी बोलून मेसेज पाठवत होता. लिहिता येत नाही, म्हणून बोलायचं. कित्येक महिने काही पोचत नव्हतं. मग एक दिवस तिथला बायकोचा फोटो गेला आणि एक गुलाबाचं फूल आलं. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक मेसेजशेजारी निळी खूण यायला लागली. ऐकल्याची खूण. हे त्याला नातवानं पूर्वी कधीतरी शिकवलेलं.

"पण ती काही बोलली का तुमच्याशी?"

"फोन लावला तर उचलत नाय. पण जन्मात मला उलट बोलली नाय ती. मी बोलायचो, ती भाकऱ्या थापत ऐकायची. ही बी नुसती ऐकायलीय. मग तीच की."

मी एक मेसेज लावला. म्हातारा सांगत होता, म्हैस गाभण आहे, वैरण महागली, शेजारच्याची भिंत पडली, तू कुठं असशील तिथं जेवत जा. बस. दुसराही तसाच. त्यांच्या मध्ये मला लिहिलेलं काहीतरी दिसलं.

"हे काय आहे बाबा?"

"तिकून आलंय. मला वाचता येत नाय."

"मग कुणाला दाखवलं नाही?"

"नवराबायकोचं कुणाला दाखवायचं?"

मी मोठ्यानं वाचलं. 'आजोबा, हा नंबर आता माझा आहे. मी तुमच्या ओळखीची नाही.' थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, वेगळ्या शब्दांत.

म्हाताऱ्यानं मोबाईल परत घेतला. मग म्हणाला, "कुणीतरी दमदाटी करून लिहून घेतलं असंल."

मी हवालदार बाईला बोलावलं. तिनं कंपनीकडून माहिती मागवली आणि आम्हा दोघांनाही शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. नंबर बरेच दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करते आणि काही काळानं नव्या गिऱ्हाइकाला देते. हा नंबर आता जिल्ह्यातल्याच पिशोरच्या एका मुलीच्या नावावर आहे. रीतसर घेतलाय.

"असं कसं?" म्हातारा म्हणाला. "फोन मी घेतला. नंबर तिचा. उद्या मी चार दिस गावाला गेलो तर माझं घर बी दुसऱ्याला देताल का?"

"बाबा, नंबर कंपनीचा असतो."

"आन् बायको कुणाची असती?"

हवालदार बाई खिडकीकडे बघायला लागली.

वरच्या साहेबांनी सांगितलं, नंबर ट्रान्स्फर झालाय, विषय संपला, म्हाताऱ्याला समजावून लावून द्या. मी दारापर्यंत सोडायला गेलो. पायरी उतरता उतरता तो वळला.

"तुम्ही म्हणताव ती दुसरी हाय. मग रोज ऐकती कशाला?"

ते माझ्या डोक्यात राहिलं. पोलिसाला शंका यायला तेवढं पुरतं. परक्या म्हाताऱ्याच्या म्हशीचं गाऱ्हाणं रोज सकाळी कोण ऐकेल? म्हातारीचा हँडसेट तिकडेच कुणाच्या हाती लागला असेल तर? त्या मुलीचा जबाब घ्यायची साहेबांकडून परवानगी काढली, स्टेशन डायरीला रवानगीची नोंद टाकली आणि हवालदार बाईला घेऊन पिशोरला गेलो.

मुलीच्या बापाचं बाजारात बियाण्यांचं दुकान. जीप दारात थांबलेली बघून त्यानं चौकशी न करताच पोरीवर तोंड टाकलं. "मोबाईल घेऊन दिला तवाच म्हणलो होतो मी. आण इकडं तो. उद्यापासून कॉलेज बंद."

पोरगी भिंतीला चिकटली. माझ्या नोकरीत मी एक पाहिलं. पोलीस दारात आला की माणूस आधी घरातल्या सगळ्यात गरीब जिवावर ओरडतो. मी म्हणालो, "बापू, आधी पाणी पाजा. कॉलेजचं मग बघू."

हवालदार बाईनं हँडसेट तपासला. नवा, पावतीसकट. चोरीचा संशय तिथंच मिटला. मग मी पोरीला विचारलं, "रोज का ऐकते गं म्हाताऱ्याचं?"

"मी लिहिलं होतं त्यांना. दोनदा."

"त्याला वाचता येत नाही."

तिनं वर बघितलं. "मला नाय माहीत साहेब. मला वाटलं, वाचूनबी पाठवायलेत. मग बोलून सांगावं म्हणलं, पण कसं सांगू, तुमची बाई नाय इथं म्हणून? आणि..."

"आणि काय?"

"म्हैस व्यायची होती. ते ऐकायचं राहिलं असतं."

बापानं कपाळावर हात मारला. हवालदार बाई तोंडावर रुमाल धरून हसली. मलाही हसू आलं. पोरीनं म्हाताऱ्याचा नंबर सेव्ह केला होता, 'म्हैसवाले आजोबा'.

जबाब पुरा झाला होता, सही व्हायची होती. उठता उठता मी एक नेहमीचा प्रश्न विचारला. माणूस विचारलं तेवढंच सांगतो, हे चौकीवर पहिल्या वर्षीच शिकलो होतो. आणि हवालदार बाई म्हणायची, कॉम्प्युटरही तसाच. म्हणून शेवटी मोकळं विचारायचं.

"या नंबरावर अजून कुणी येतं का तुझ्या ओळखीबाहेरचं?"

"एक राँग नंबर येतो. आता उचलत नाय मी."

"कुणाचा?"

"माहीत नाय. लँडलाईन हाय. कुणीतरी बाई असती. 'तुमच्याकडची कुणी आजी हरवलीय का' म्हणून विचारायची. आमची आजी तर घरात बसलीय. दोनदा राँग नंबर म्हणून सांगितलं आणि मग तसाच सेव्ह करून टाकला."

तिनं यादी दाखवली. त्या लँडलाईनला तिनं नावच दिलं होतं, 'राँग नंबर'. खाली न उचललेले कॉल एकाखाली एक.

हवालदार बाईनं नंबर टिपून घेतला. मी पोरीच्याच फोनवरून तो नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"उचलला बाई एकदाचा. अहो, महिला निवारागृहातून बोलतेय." तिनं जागा सांगितली. खानदेशात. "आमच्याकडं एक आजी आहेत. हा नंबर रोज म्हणतात. पाढा म्हणावा तसा. एक आकडा चुकत नाहीत. तुम्ही राँग नंबर म्हणालात तरी त्या ऐकेनात, म्हणून मी अधूनमधून लावते."

मागाहून सगळं जुळवलं ते असं: म्हातारी करमाडला जायला निघाली आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसली होती. गर्दीत मोबाईल गेला. कुठल्यातरी स्टेशनात उतरताना पडली, डोक्याला मार लागला. शुद्धीवर आली तेव्हा नाव विचारलं, तर माहेरचं सांगितलं. आमच्याकडे लग्नात पोरीचं नाव बदलतात. आमच्या नोंदीत सासरचं नाव, तिकडच्या नोंदीत माहेरचं. दोन्ही नोंदी कॉम्प्युटरवर होत्या, दोन्ही बरोबर होत्या, आणि एकमेकींना भेटत नव्हत्या. गाव विचारलं तर माहेरचंच गाव सांगायची, आणि ते गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. कुणी शोधायचं?

एवढं सगळं विसरली, पण नंबर राहिला. रेशन दुकानात, गॅसला, बँकेत, दवाखान्यात, जिथं तिथं विचारतात म्हणून सुनेनं तिच्याकडून घोकून घेतला होता. स्वतःचा. नवऱ्याचा नंबर तिला कधी पाठ करावा लागलाच नाही. त्याचा फोटो दाबला की त्याला फोन लागायचा.

म्हाताऱ्याला मी काही जास्त सांगितलं नाही. "चला, एक बाई दाखवायची आहे," एवढंच म्हणालो. खोटी आशा लावायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. जीपमध्ये तो सारखा मोबाईल पुसत होता.

निवारागृहाच्या ओसरीवर ती गहू निवडत बसली होती. वाळलेली, केस कापलेले. म्हातारा तिच्यापासून थोडा लांबच उभा राहिला. तिनं बघितलं आणि पुन्हा खाली बघून गहू निवडायला लागली. मला वाटलं, ओळखलं नाही.

म्हातारा म्हणाला, "म्हैस व्याली."

तिचा हात थांबला. "पारडी का टोणगा?"

"पारडी."

"मग फोन का उचलत नव्हताव? लई खेपा लावला ह्यांनी."

"तुझाच नंबर तू लावल्यावर मी कसा उचलू?"

"मग कुणाचा लावायचा होता?" ती म्हणाली. मी पाहिलेलं तिचं हे पहिलंच उलट बोलणं. म्हातारा तिच्याजवळ बसला आणि गहू निवडायला लागला.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. पिशोरच्या पोरीचं कॉलेज बंद झालं नाही, कारण म्हातारा-म्हातारी खरवस घेऊन तिच्या बापाच्या दुकानात जाऊन बसले. हवालदार बाईच्या मते मी आता माऊस जरा बरा धरत होतो.

निवृत्तीनंतर कधीकधी शाळा-कॉलेजात सायबरच्या कार्यक्रमाला बोलावतात. ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, हे सगळं मी सांगतो. मग विचारतो, तुमच्या घरातल्या माणसाचा नंबर न बघता कोण सांगतो? पोरं एकमेकांकडे बघतात. मास्तरही बघतात. मशीन वाईट असं मी म्हणत नाही. मशीननं त्या म्हातारीला हरवलं की सापडवलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. विचार केला की गुंता होतो. एवढं कळतं की माणूस सेव्ह केला म्हणजे पाठ झाला असं नाही.

आमची ही गेली त्याला आता काही काळ झाला. दवाखान्यात शेवटी तिनं नर्सला माझा नंबर तोंडी सांगितला, मी बाहेर चहाला गेलो होतो म्हणून. मला तिचा येत नव्हता. आता येतो, शिकलो. पोरगा म्हणतो, आईचा फोन बंद करा, सिम परत द्या, उगीच कशाला. मी मान हलवतो आणि मुदत संपायच्या आत रिचार्ज करून टाकतो. दुकानदार विचारतो, कुणाचा नंबर, आणि मी न बघता सांगतो. ती फोन करणार नाही हे मला कळतं, एवढा काही मी खुळा नाही. पण त्या नंबरावर कुणी फोन लावला तर पलीकडून राँग नंबर ऐकू येऊ नये.