मनिला मास्तरांचे दोन पाट

मनिला मास्तर रात्रीचं जेवत नसत. उपास नाही, नवस नाही, पोटाचं दुखणं तर मुळीच नाही. शेजारची इनासमावशी भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण घेऊन आली की म्हणत, "झाकून ठेव. सकाळी खाईन." अख्खं बाळकुम गाव त्यांना विक्षिप्त म्हणे. मीही म्हणत असे, खोटं कशाला बोलू?

मास्तर तरुणपणी बोटीवर बटलर होते. मनिलेला त्यांनी लग्न केलं, तिथंच राहिले, मुलगी झाली. रोझा. तिला रोज रात्री ते स्वतः भरवत. मग इकडे वडील आजारी पडले. "दोन महिन्यांत येतो," असं पोरीला सांगून मास्तर निघाले. वडील गेले, शेतावरून भावांची भांडणं लागली, आणि मास्तर राहिले ते राहिलेच. तिकडे बायको वारली. "मला कुणी अडवलं नव्हतं, पास्कू," ते मला म्हणाले. "आधी आळस केला. मग तोंड दाखवायची लाज वाटली. ती काही कमी होईना."

मला पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीवर नोकरी लागली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. स्पॅनिश शिकवतो म्हणाले, रोझाची भाषा तीच. त्याबदल्यात मी एकच करायचं: रोझाला गाठून त्यांच्या वतीने माफी मागायची. मी विचारलं, पत्र का नाही पाठवत? "न वाचता चुलीत घालेल. माणसाला हाकलायला जरा तरी वेळ लागतो."

शिकवायची तऱ्हा भलतीच. ओटीवर दोन पाट मांडत, शब्दाच्या शेवटच्या स्वराचे, एक 'आ'चा, एक 'ए'चा. 'आब्ला' म्हणजे तो बोलतो, तेव्हा मी 'आ'च्या पाटावर. "आता त्याने बोलावं अशी आपली इच्छा आहे. ऊठ!" की मी 'ए'च्या पाटावर, 'आब्ले'. 'कोमे', तो जेवतो, याचं नेमकं उलट. 'ए'वरून उठून 'आ'वर, 'कोमा', त्याने जेवावं. 'बिबे', तो जगतो. 'बिबा', त्याने जगावं. सबंध पावसाळा माझी उठबस चालली होती. गुडघे धरले माझे.

"मास्तर, बसल्या बसल्या पाठ करतो ना."

"नाही. आहे ते वेगळं आणि व्हावंसं वाटतं ते वेगळं. हे अंगात मुरू दे."

एकदा वैतागून मी सरळ 'माफ कर' असं हुकमी बोलून मोकळा झालो. मास्तरांचा चेहरा उतरला. "हुकूम करायला मी तिचा कोण रे? तुम्ही माफ करावं, एवढंच म्हण. पेर्दोने. पुढे तिची मर्जी."

मनिलेत रोझा सापडली. चर्चच्या मागे, तिच्या मावशीच्या घरी, शिवणकाम करत होती. मी वाक्य बरोबर बोललो. तिने हातातली शिवण संपवली.

"नाही," ती म्हणाली. "ते येतील म्हणून मी रात्री जेवत नसे. मावशी रडायची. मला नाही जमणार माफ करायला."

मी टोपी उचलली. सांगायचं ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "तेही रात्री जेवत नाहीत."

तिने नवी शिवण हातात घेतली. मी अंगण ओलांडलं तेव्हा मागून आवाज आला, "के कोमा." त्यांनी जेवावं.

परत आल्यावर मी मास्तरांना सगळं सांगितलं, नकारासकट. वाईट वाटत होतं, पण त्या माणसापुढे खोटं बोलवेना.

"नाही म्हणाली?"

"हो."

"आणि तू निघताना?"

मी निघताना ती काय म्हणाली तेही पुन्हा सांगितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. इनासमावशी नेहमीसारखी भाकरी-कालवण घेऊन आली आणि झाकायला ताटली शोधू लागली.

"झाकू नको, इनास. वाढ."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मास्तर जेवायला बसले. कालवण सदऱ्यावर सांडत होतं, डोळे वाहत होते.

"माफ नाही केलं," घास तोंडात ठेवूनच ते म्हणाले, "पण जेवायला सांगितलंय."

मग त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली.