मोरेश्वररावांच्या खोलीवरचं छप्पर

मोरेश्वररावांनी कुणावर विश्वास ठेवला, असं सांगलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. उभा जन्म जकात नाक्यावर गेलेला. ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करायची आणि पोत्यात सळई खुपसायची. वर गूळ दिसला की खाली दुसरंच काहीतरी असणार, हे ते धरूनच चालायचे. बरं, पुष्कळदा तसं निघायचंही, त्यामुळे सवय अंगात मुरली. पुढे जकात गेली, नाका गेला, सळईही गेली. संशय तेवढा शिल्लक राहिला आणि तो घेऊन ते बायकोसह मुलाकडे, मलिंगारला आले.

आता आयर्लंडातल्या त्या गावात थांबवायला ट्रक कुठून आणणार? मग जे समोर येईल ते. कचऱ्याची गाडी शेजाऱ्याचा डबा आधी का उचलते? समोरची म्हातारी भर पावसातसुद्धा ‘लव्हली डे’ म्हणते, तिला नक्की काय हवंय? सुलभाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या तोवर अशा चौकशा हसण्यावारी जायच्या. चार वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, त्या झोपेतच गेल्या. नंतर हसणारं कुणी उरलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत मोरेश्वररावांनी कपाट उघडलं. या घरात कपाटाला ‘प्रेस’ म्हणायची सवय सगळ्यांना लागली होती. तर प्रेसमधे सुलभाबाईंच्या दोन वाकळा नव्हत्या. जुन्या इरकली लुगड्यांच्या, त्यांनी हातानं शिवलेल्या, आणि इकडे येताना स्वतःचे कपडे मागे ठेवून बॅगेत कोंबलेल्या. सासूबाई गेल्यावर सुनेनं, रेवतीनं, जुन्या कपड्यांच्या पिशव्या चॅरिटी शॉपला नेऊन दिल्या होत्या. झालं! मोरेश्वररावांना आणखी पुरावा नकोच होता. वाकळा त्या पिशव्यांतूनच गेल्या.

सरळ विचारलं असतं तर? छे! विचारलं की समोरच्याला माल लपवायला वेळ मिळतो, हा नाक्यावरचा धडा. त्यांनी विचारलं नाही, पाळत ठेवली. एक दिवस चॅरिटी शॉपमधे जाऊन सगळी फडताळं उपसली. रेवतीच्या हातचा चहा बंद केला. स्वतःचा स्वतः करू लागले. ती हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून आली की तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, की हल्ली या घरात वाकळासुद्धा टिकत नाहीत. ती एकदा त्यांच्याकडे बघायची आणि आत जायची. मुलगा अभिजित बिचारा दोघांच्या मधे. शेवटी यंदा मोरेश्वररावांनीच जाहीर केलं, की उन्हाळा संपला की मी सांगलीला पुतण्याकडे जातो, कायमचा. कुणी थांबवतंय का, हे त्यांनी नीट पाहिलं. अभिजितनं थांबवलं नाही, आणि ते त्यांना फार लागलं.

त्यातच अभिजितनं छपरावर सोलर बसवायचं काढलं. सरकार अनुदान देतं, पॅनेलवर व्हॅट नाही, जास्तीची वीज विकली तर काही रकमेपर्यंत टॅक्सही नाही, असं तो उत्साहानं सांगत होता. मोरेश्वररावांच्या कपाळाला आठ्या. सरकार टॅक्स सोडतं म्हणजे दुसरीकडून कापणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सोलरवाला किअरन आला, माळ्यावर चढला आणि खाली येऊन म्हणाला, की पॅनेल बसणार नाहीत. दक्षिणेकडचे वासे मऊ पडलेत. आधी त्या बाजूचं छप्पर बदला. नाहीतर उद्या वासे मोडले की पॅनेल उतरवा, छप्पर करा, पुन्हा चढवा. अनुदान फक्त पॅनेलचं, छपराचं नाही. आणि हो, छपराचं काम करणारा डोनल म्हणून एक चांगला माणूस ओळखीचा आहे.

मोरेश्वररावांनी दोनच दिवसांत समोरच्या म्हातारीकडून काढून घेतलं, की डोनल हा किअरनचा सख्खा मेव्हणा.

“बघ,” ते अभिजितला म्हणाले, “एकानं मोडकं म्हणायचं, दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. आणि मला सांग, अख्खं छप्पर धडधाकट, आणि सडलं ते नेमकं माझ्याच खोलीवरचं? कसं काय?”

अभिजितनं समजावलं, की इथे अर्धं गाव एकमेकांचं मेव्हणं असतं. पण प्रश्न मात्र खरा होता. डोनललाही त्याचं उत्तर देता येईना. त्यालाही तेच कोडं पडलंय, म्हणाला. मोरेश्वररावांना तेवढंच पुरलं. उत्तर नाही म्हणजे पोत्याच्या तळाशी काहीतरी आहे.

काम सुरू झालं. परांची बांधली गेली आणि बागेत मोरेश्वररावांची खुर्ची आली. मफलर, कानटोपी, मांडीवर छत्री. डोनल कौलं उतरवायचा आणि हे खालून बघायचे. चांगली कौलं बाजूला काढून ठेवताना दिसला की ती विकणार, आणि फेकताना दिसला की बदलायला नवी घ्यायला लावणार. डोनल वरून ‘ग्रँड?’ विचारायचा, म्हणजे सगळं ठीक ना. यांना वाटायचं, माणूस उगाच गोड का बोलतोय?

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी डोनलनं वरून हाक मारली. वळचणीत, जिथे छप्पर भिंतीवर टेकतं त्या फटीत, काहीतरी कोंबलेलं होतं. त्यानं ओढलं तशी धूळ, कोळिष्टकं आणि काळं पाणी त्याच्या डोक्यावर आलं. शिव्या घालत तो खाली उतरला आणि दोन ओल्या, जड, बुरशी धरलेल्या वळकट्या त्यानं गवतावर टाकल्या.

मोरेश्वरराव खुर्चीतून उठले. छत्रीच्या टोकानं त्यांनी एक वळकटी उलगडली, अगदी नाक्यावर उलगडायचे तशी. आत, जिथे पाणी पोचलं नव्हतं तिथे, हिरवं इरकल आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके.

घरातून काम करत असलेला अभिजित धावत आला. डोनलनं त्याला समजावून सांगितलं, की ती फट वाऱ्यासाठीच असते. तिथून वारा खेळला नाही तर माळ्यावर दमट कोंडतं आणि लाकूड सडतं. त्यात हे कापड कित्येक वर्षं पाऊस पीत बसलेलं. ज्यानं कुणी केलं त्याला थंडी थांबवायची असणार.

मोरेश्वररावांच्या डोक्यात पहिला विचार काय यावा? रेवती! वाकळा विकल्या नाहीत, इथे आणून कोंबल्या. इतक्या वर्षांनी का होईना, माल सापडला. अहो, त्यांना क्षणभर चक्क आनंद झाला.

तेवढ्यात डोनल म्हणाला, “एक मात्र आहे. असं बांधलेलं मी कधी पाहिलं नाही. प्रत्येकीला मधे पट्टी बांधलीय, आणि टोक आत लोंबत सोडलंय. नंतर ओढून काढता यावं म्हणून. काढायचं होतं त्याला, जो कोण असेल तो.”

मोरेश्वरराव खाली बसले. खुर्चीत नव्हे, ओल्या गवतातच.

पट्टीची ती शेपटी त्यांना ओळखीची होती. सुलभाबाईंचं माहेर पाटणकडचं, पावसाचं, कौलारू. पावसाळ्यात भिंतीच्या वरच्या फटीतून वारं आणि झड आत येते म्हणून तिथे जुन्या वाकळा वळून घालायच्या, पट्टीचं टोक आत सोडायचं, आणि दिवाळीला ओढून काढायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी कौतुकानं जावयाला ओढायला लावलं होतं, आणि चार महिन्यांची धूळ नव्या टोपीवर पडली होती. सुलभाबाई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या पट्ट्यांची रीत रेवतीला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ती तर ठाण्याच्या फ्लॅटमधे वाढलेली.

आणि थंडी कुणाला वाजत होती? यांनाच. सुलभाबाई गेल्या त्या वर्षी महिनाभर यांनी एकच धोशा लावला होता, की बिल्डरनं फसवलंय, डोक्यावर वारं येतं, मला इथे मारायला आणलंय. एक दिवस वारं थांबलं. आपण बोललो म्हणून अभिजितनं बिल्डरला धमकावलं असणार, असं समजून हे खूश झाले होते. सुलभाबाई माळ्यावर कुरडया वाळत घालायला चढायच्या, त्यामुळे शिडी लावलेली बघून कुणी काही विचारलं नाही. स्वतःच्या अंगावरच्या वाकळा त्यांनी वर नेल्या, आणि पातळ ब्लँकेट पुरतं म्हणाल्या. वाकळा प्रेसमधे ठेवल्या असतील, असं यांनी धरलं. उन्हाळ्यात ओढून काढणार होत्या. उन्हाळा त्यांनी पाहिलाच नाही.

डोनलनं वळकट्या स्किपमधे, म्हणजे राडारोड्याच्या मोठ्या पेटीत, टाकायला उचलल्या. मोरेश्वररावांनी हात आडवा केला. मग त्यांनी स्वतःच त्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर घातल्या. दोरी पार जमिनीला टेकली.

रेवती संध्याकाळी आली. मागच्या दारातून तिनं दोरीकडे पाहिलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती बागेत गेली. इरकलीचा काठ तिनं बोटांनी चाचपला. मोरेश्वरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. 

“सुलभानं लावल्या होत्या, फटीत,” ते म्हणाले. “मला वारं लागू नये म्हणून. आणि मी तुझं नाव घेऊन बसलो.”

रेवतीनं वळून पाहिलं नाही.

“बाबा, मीसुद्धा चॅरिटी शॉपमधे जाऊन शोधल्या होत्या,” ती म्हणाली. “दोनदा गेले. मला वाटलं, माझ्याच हातून पिशवीत गेल्या असतील. तुम्ही इतकं धरून बसला होतात, की मलाच माझी खात्री वाटेना.”

एवढं बोलून ती रडायला लागली. मोरेश्वररावांना लाज वाटली, अशी की नाक्यावरच्या अख्ख्या नोकरीत कधी वाटली नव्हती. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं मनात आलं, पण त्यांना ते जमलं नाही. ते आत गेले, ओट्यावरचं आपलं एकट्याचं छोटं भांडं उचलून ठेवून दिलं आणि मोठं काढलं. ती आत आली तेव्हा ते भांडं हातात धरून तसेच उभे होते.

“चहा टाकतेस का?” त्यांनी विचारलं. “मलाही.”

तिनं डोळे पुसले, भांडं घेतलं आणि सगळ्यांचा चहा टाकला. साखर कमी पडली होती. मुद्दाम तर नाही ना, असं मोरेश्वररावांच्या मनात एकदा आलंच. मग त्यांनी तिला विचारलं, “साखर कमी आहे का गं?” आणि तिनं डबा पुढे सरकवला.