गेटवरची ड्यूटी

बायकोच्या चपलांना रोज सकाळी पॉलिश करणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, हे मी हल्ली छाती पुढे काढून सांगतो. काही वर्षांपूर्वी सांगायची वेळ आली असती तर आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, ते बघितलं असतं. पॉलिशही साधंसुधं नव्हे. आधी ब्रश, मग बोटाला गुंडाळलेलं फडकं, त्यावर थेंबभर पाणी, आणि मग देवाच्या मूर्तीला चंदन लावावं तसा गोल गोल फिरणारा हात. अक्काची ती काळी सँडल अशी चकाकते की आमच्याकडच्या धुळीलाही तिच्यावर बसायचा संकोच वाटावा. अक्का वैतागते. "अवो, लोकं तोंडाकडं बघायची सोडून पायाकडं बघायलीत की!" दाजींचं उत्तर ठरलेलं: "बघू देत. ड्यूटीवर निघालेल्या माणसाचा पाय चमकाया पायजे."

आमचे दाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे माळशिरसकडचे, शेळ्यामेंढ्यांच्या मागे फिरत वाढलेले. कळपाची शिस्त आधीपासून अंगात होती, फौजेने तिला फक्त गणवेश चढवला. सुट्टीवरून परत जाताना ते सोलापुरी चादरींचा एवढा मोठा गठ्ठा न्यायचे की पलटणीत त्यांना नावाने कोणी ओळखतच नसे. 'चादर' म्हणूनच हाक मारायचे. राजस्थानच्या वाळूत आणि वरच्या बर्फात कितीतरी पंजाबी, मद्रासी आणि गढवाली माणसं आमच्या सोलापूरच्या उबेत झोपली, असं दाजी सांगतात, आणि ते सांगताना जणू सगळे माग स्वतःच चालवल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

निवृत्तीनंतर शहराच्या टोकाला, कुंभारीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं आणि तिथे एक छोटीशी छावणी सुरू केली. दूध तापवताना दाजी गॅससमोर ताठ उभे राहतात, कारण पहाऱ्यावर असताना बसायचं नसतं. त्या घरात आजवर दूध उतू गेलेलं नाही. लग्नाला जायचं तर पत्रिकेवर छापलेल्या वेळेला ते मंडपात हजर. आपल्याकडे त्या वेळेला मंडपात सतरंज्या टाकणारी माणसंही धड जमलेली नसतात. मग दाजी कोट काढून खांबाला अडकवतात आणि सतरंज्या टाकायला लागतात. मोहोळच्या एका लग्नात वरपक्षाकडचे एक गृहस्थ त्यांना मंडपवाला समजले आणि "ओ मामा, ती खुर्ची हिकडं घ्या की," म्हणून त्यांच्यावर ओरडले. दाजींनी खुर्ची तर आणलीच, वर तिचे चारही पाय जमिनीला टेकतात का, तेही वाकून तपासलं. पुढे तेच गृहस्थ त्यांना जेवणाच्या पंगतीत आग्रह करायला आले तेव्हा लाजेने लाल झाले होते. दाजी म्हणाले, "हुकूम बरोबर व्हता. खुर्ची वाकडीच व्हती."

त्यांना फक्त एकाच गोष्टीचा राग येतो. 'सरकार तुम्हाला किती देतं!' असं कोणी म्हटलं की. त्यांच्या मुलाची इंजिनियरिंगची आणि मुलीची नर्सिंगची फी सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या सवलतीत बसली. शेजारच्या एकाने कौतुकाच्या सुरात सुनावलं, "हवालदारसाहेब, तुमचं बरं हाय. पोरं फुकटात शिकली." दाजी शांतपणे म्हणाले, "फुकट न्हाय. पोरांनी बाप दिलाय. सुट्टीत आलो की माझी पोरगी मला 'काका' म्हणायची." मग ते शेजाऱ्यासाठी चहा ठेवायला आत गेले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. इतकी वर्षं ते टाळलं. मी शहरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बारावीला तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते, पण आमच्या घरात एका वेळी एकालाच कॉलेजात पाठवायची ऐपत होती, आणि तो एक म्हणजे मी, हे कोणी बोलून न दाखवताच ठरलं. तिला बघायला फौजेतला मुलगा आला तेव्हा पाण्याचे पेले घेऊन मीच उभा होतो. काही विचारायचं असेल तर विचार, म्हटल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "मला शिकू देशीला का?" तो मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, "रिटायर झाल्यावर." सगळे हसले. मीही हसलो. बायकांच्या शिकण्याची गोष्ट इतक्या लांबणीवर टाकायची म्हणजे विनोदच होता तो.

तो विनोद नव्हता, हे निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जूनमध्ये कळलं. धाकटी मुलगी नोकरीला लागली त्याच आठवड्यात दाजी आमच्या ऑफिसात आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अक्काची बारावीची मार्कशीट, तिच्या नावाचं सैनिकपत्नीचं ओळखपत्र आणि तिचा एक ताजा फोटो. फोटोत ती प्रचंड घाबरलेली दिसत होती.

"पाव्हणं, बी.ए.ला घाला हिला. बायकोलाबी सवलत हाय म्हणत्यात, खरं हाय का?"

खरं होतं. ते परिपत्रक माझ्याच खणात होतं, त्याचं फायलिंग मीच केलं होतं. पण टेबलांवरून सगळे आमच्याकडे बघत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे नऊवारीतली, चाळिशी ओलांडलेली माझी बहीण पोरापोरींच्या गर्दीतून चालत येताना दिसली. स्टाफरूममध्ये चहाबरोबर हसणारी तोंडं दिसली. 'ही कोण? हेडक्लार्कची अक्का होय?' मी म्हणालो, "नाही हो दाजी. ते फक्त मुलांसाठी आहे."

दाजींनी एकदाही उलट विचारलं नाही. "बरं," म्हणाले, कागद पिशवीत घातले आणि टाचा जुळवून निघून गेले.

त्यांच्या घरी गेलो की भिंतीवरच्या खिळ्याला एक नवी निळी बॅग लटकलेली दिसायची. कॉलेजसाठी अक्काने आधीच घेऊन ठेवलेली. दिवाळीच्या सुमारास बघितलं तर तिच्यात कांदे भरलेले होते. "रिकामी कशाला ठिवायची?" अक्का म्हणाली. मी त्या दिवशी जेवताना कांदा घेतला नाही. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये दाजी परत आले. तीच पिशवी, तेच कागद. फोटो मात्र नवा होता, त्यात अक्का जरा कमी घाबरलेली. माझ्या टेबलासमोर उभे राहून अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पाव्हणं, यंदा नियम बदलला बरं का! बायकोलाबी दिली सवलत. सैनिक कल्याणच्या हापिसात इचारून आलोय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. परेडला उभ्या राहिलेल्या शिपायाच्या तोंडावर जेवढं दिसतं तेवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"हो," मी म्हणालो. "बदललाय वाटतं."

त्या जूनमध्ये बॅग कांद्यांतून सुटली. पहिल्या दिवशी अक्का वर्गात शिरली तर पोरी उठून उभ्या राहिल्या. नव्या प्राध्यापिका आल्या असं त्यांना वाटलं. अक्का एवढी गोंधळली की "बसा, बसा," म्हणून गेली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वर्ग जो खदखदून हसला, तो नंतर तीन वर्षं तिच्याभोवतीच बसला. पोरी तिला अक्का म्हणू लागल्या, प्राध्यापक अक्का म्हणू लागले, आणि महिन्याभरात मला ऑफिसात ऐकू यायला लागलं, "ते होय? ते अक्काचे भाऊ." ज्याची मला भीती होती तेच घडलं होतं. ते ऐकताना कॉलर ताठ होते, हे मात्र आधी माहीत नव्हतं.

आणि दाजी? दाजी गेटवर. सकाळी अक्काला मोटारसायकलवरून सोडायचं आणि कॉलेज सुटेपर्यंत गेटबाहेरच्या कडुलिंबाखाली उभं राहायचं. प्राचार्यांनी एकदा स्वतः जाऊन सांगितलं, "अहो, आत येऊन बसा ना. ऊन किती आहे!" दाजी म्हणाले, "साहेब, ॲडमिशन तिचं हाय. माझी ड्यूटी गेटची." उभं राहून कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी आमच्या वॉचमनला सलाम शिकवला, सायकली एका रेषेत लावून घेतल्या, आणि मधल्या सुट्टीत अक्काला डबा पोचवला. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. भाकरी त्यांनीच थापलेली. गल्लीतला कोणी चिडवायचा, "काय हवालदार, बायकू कॉलेजात आन् तुमी परातीवर?" दाजी पीठ मळता मळता म्हणायचे, "माझ्या ड्यूटीच्या टायमाला परात तिनं सांभाळली. आता तिची ड्यूटी हाय, परात माझी."

दुसऱ्या वर्षी इंग्रजीने घात केला. अक्का त्या एका विषयात नापास झाली. वरच्या वर्गात जाता येत होतं, पण तो पेपर परत द्यायचा होता. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर तिने पुस्तकं ट्रंकेत घातली होती, आणि बॅगेत पुन्हा कांदे. "बास झालं," ती म्हणाली. "म्हातारपणी हसं करून घ्यायचं. आन् ह्यांनी उन्हात वाळायचं. कशाला?"

दाजी ओट्याशी उभे होते. दुधावर नजर ठेवूनच बोलले. "तू एकटीनं पोरं वाढीवली. माझ्या आईचं दुखणं काढलं. भाड्याच्या खोलीत पावसाचं पाणी उपसलं. मी तिकडं बंदूक धरून हुबा, तू हिकडं हुबी. नोकरी दोघांनी केली, पेन्शन मला एकट्याला आली. तुझ्या वाटणीचं म्हणून सरकारनं एवढंच दिलंय. तेबी टाकून देणार?"

दूध वर आलं, दाजींनी गॅस बंद केला. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमचं इंग्रजी चांगलं हाय. तिला शिकवा."

वर्षभर मी रोज संध्याकाळी तिथे जात होतो. दाजी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आलेल्या प्रत्येकाला परतवायचे: "क्लास चालू हाय, मागनं या." एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी तासभर बाहेर थांबवला. आम्ही भावंडं लहानपणी जशी एकाच दिव्याखाली बसायचो तशी परत बसलो. तेव्हा ती माझं गणित घ्यायची. कितीदा वाटलं, आता सांगून टाकावं. पण ती एखादा शब्द बरोबर उच्चारून माझ्याकडे अशी बघायची की मी तिला पुढचा शब्द वाचायला द्यायचो.

अक्का पास झाली. इंग्रजीतही, आणि पुढे सगळ्यातच. पदवी घ्यायला ती स्टेजवर गेली तेव्हा वर्गातल्या पोरींनी असा गलका केला की पुढचं नाव पुकारायचं थांबवावं लागलं. काळ्या गाऊनखाली तिची सँडल लखलखत होती. मी दाजींना शोधायला बाहेर आलो. ते कडुलिंबाखाली उभे होते. आत यायचं आमंत्रण खिशात होतं, तरी उभे.

"दाजी," मी म्हणालो, "नियम कधी बदललाच नव्हता. आधीपासून तोच होता. पहिल्या वर्षी मी खोटं बोललो."

"ठावं हाय की," दाजी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "तिला भाऊ एकच हाय. कळलं असतं तरी ती कॉलेजला आलीच असती, पर तुमच्याफुडं पुस्तक घिऊन बसली नसती. मग इंग्रजी कुणी शिकवलं असतं?" रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "आता तिला सांगू नका. हुकूम समजा."

अक्का आता गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. तरी दाजींची ड्यूटी संपलेली नाही. मोहोळ, माळशिरस, कुठून कुठून सैनिकांच्या बायका आमच्याकडे प्रवेश घ्यायला लागल्या आहेत, आणि त्यांचे काही निवृत्त नवरे डबे घेऊन कडुलिंबाखाली रांगेत उभे असतात. दाजी अधूनमधून येऊन रांग सरळ करतात. परवा एकाच्या बायकोच्या चपला धुळीने भरलेल्या दिसल्या, तर त्याला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होते. माझ्या टेबलावर आता ते परिपत्रक काचेखाली असतं. कोणी विचारण्याआधी मीच दाखवतो.

हे छापून आलं की पहिली वाचणार ती अक्काच. पेपर, मासिक, हाती येईल ते ती हल्ली वाचत असते. म्हणून इथेच सांगतो. अक्का, नियम कधी बदललाच नव्हता, पहिल्या वर्षी मी खोटं बोललो. तुझ्या बॅगेतले कांदे माझ्यामुळे होते. दाजी चिडतील, हुकूम मोडला म्हणून मला गेटवर उभं करतील. उभा राहीन. कडुलिंबाची सावली तिथे चांगली पडते.