जाळ्यांखालचं गवत

तुमच्या गावातली सगळ्यात हिरवीगार जागा कोणती, आणि तिला पाणी कुठून येतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय?

मी विचारतच मोठी झाले. सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं थोडी होती, पत्रकं ढीगभर. बाबा डोंगरातलं गाव सोडून तारापूरच्या कारखान्यात लागले, आणि सुट्टीचा दिवस त्यांनी गावाच्या पाण्या-जमिनीसाठी लढणाऱ्या संघटनेला देऊन टाकला. पत्रकं छापून आली की आई आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. शाईचे डाग बोटांवरून परकरावर जायचे आणि आईची बोलणी मला बसायची. अक्षरं मी त्या कागदांवरच शिकले. पाटीवर ‘कमळ’ लिहायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. पत्रकांचे विषय बदलायचे. कधी रस्ता, कधी रेशन, कधी नाल्यात सोडलेलं रंगीत पाणी. पण बाबांचे दोन प्रश्न प्रत्येक पत्रकात ठरलेले असायचे. पाणी कुणाचं? जागा कुणाची?

अशा घरात बारावीनंतर मी जाहीर केलं की मला गोल्फ मैदान व्यवस्थापनाची पदवी घ्यायची आहे.

बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. “गोल्फ म्हंजे ते टोपी घालून काठी मारतात, ते?”

“तेच.”

“त्याची डिग्री असते?”

“खेळायची नाही. मैदान तयार करायची. माती, गवत, पाणी, निचरा, यंत्रं.”

“म्हंजे गवत कापायची डिग्री.” त्यांनी आईकडे बघितलं. “ऐकलंस काय? आपन पत्रकं काढायची, नि आपली पोरगी त्यांचं गवत हिरवं करनार. कुणाच्या पान्यानं?”

“तेच शिकायला चाललेय,” मी म्हणाले.

आईने त्यांच्या ताटात आमटी वाढली. “उघड्यावर काम करंल ती. तुमच्या कारखान्यावानी गॅसच्या वासात तर नाय ना? मग जाऊ दे.”

बाबांना मी तेव्हा पूर्ण उत्तर देऊ शकले नव्हते. ते आता देते. गोल्फचं मैदान गावाचं पाणी पितं, हे वाक्य मी पत्रकांत इतक्यांदा वाचलं होतं की ते पाठ झालं होतं. पण त्याला खरोखर तेवढं पाणी लागतं का, की कुणी दुसरा मार्ग शोधलाच नाही, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. ज्याला विरोध करायचा त्याचं काम त्याच्याहून चांगलं करून दाखवता आलं पाहिजे, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

पालघरच्या कॉलेजात ही पदवी नवीनच सुरू झाली होती. वर्गात रिसॉर्ट आणि फार्महाउसवाल्यांची मुलं जास्त. त्यांना दुबईला जायचं होतं. मला सातपाटीच्या मच्छीमार बंदरावर जायचं आहे हे मलाही अजून माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी गवताचे रोग ओळखायला शिकले, कापणीयंत्राची पाती उतरवून घासायला शिकले, वाळू आणि खडीचे थर कसे रचले की पाणी साचत नाही ते शिकले. हे शिक्षण मला मनापासून आवडलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

शेवटच्या वर्षाचा नियम कडक होता. प्रत्येकाने स्वतः एक ग्रीन तयार करायची. ग्रीन म्हणजे ज्यात चेंडू टाकायचा त्या खळग्याभोवतीचा भाग, जिथलं गवत गालिच्यासारखं बारीक कापलेलं असतं आणि चेंडू जमिनीलगत घरंगळतो. बाहेरचे परीक्षक येणार, चेंडू सोडून बघणार. ग्रीन नापास तर पदवी नापास. बाकीच्यांनी ओळखीच्या रिसॉर्टमधल्या हिरवळी पकडल्या. तिथे बोअर होती, माळी होते. मी प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर दोन अटी लिहिल्या. माणसाला पिता येईल असं थेंबभर पाणी वापरणार नाही. या ग्रीनसाठी कुणालाही आपल्या जागेवरून उठावं लागणार नाही.

आमच्या विभागाच्या मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. “अटी तुझ्या, मार्क परीक्षकांचे,” त्या म्हणाल्या. “गवत मेलं तर मला तत्त्वांना पास करता येत नाही.”

जागा मिळाली ती मासळीमुळे. सातपाटीची एक मावशी आमच्या आळीत टोपली घेऊन येते. आईशी तिची भावावरून रोज हुज्जत होते आणि रोज तडजोड होते. माझी अडचण ऐकून ती म्हणाली, “बंदराकडं मच्छीमार सोसायटीची एक पट्टी पडीक हाय. काट्याकुट्यानं भरलीय. घरवाल्याला सांगते, तो सोसायटीत बोलंल. पन एवढ्याशा चेंडवाला एवढी जागा कशाला गो?” तिचा नवरा बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याने सोसायटीत शब्द टाकला आणि पट्टी मला मिळाली.

पाण्याचा प्रश्न बंदरावरच सुटला. बोटी समुद्रात जाताना बर्फ नेतात. मासळी उतरवून झाली की पेट्यांतला उरलेला बर्फ फेकून देतात. त्या पाण्याने आपलं काम केलेलं असतं, आता ते कुणी पिणार नसतं. मी तो बर्फ पिंपांत भरायचे, वितळू द्यायचे आणि फडक्यातून गाळून गवताला घालायचे. वास विचारू नका. मांजरं रांग लावून बसायची. मासळी निवडणाऱ्या बाया हसून बेजार व्हायच्या.

“काय गो, गवताला बोंबलाचं कालवन पाजतेस?”

“मिठाचं बघ हां. जास्त झालं तर जेवनार नाय ते.”

गवत मात्र जेवलं. कॉलेजच्या रोपवाटिकेतून आणलेलं गवत होतं, नाजूक, पुस्तकात चित्र असतं तसं. दिवाळीपर्यंत पट्टी अशी दिसू लागली की लोक वाकून हात लावून जायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत गेले तर ग्रीन दिसेना. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी, ओली, खाऱ्या पाण्याने निथळणारी जाळी पसरली होती. मधोमध तांडेलकाका मांडी घालून फाटलेली जाळी सांधत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

“ये पोरी. काय जागा केलीस. एक काटा नाय, एक खडा नाय. आमी सगळे बोलतो, पोरीनं सोसायटीचं नाव राखलं.”

त्यांच्या बाजूने बघा. सोसायटीने मुलीला पट्टी दिली, मुलीने ती साफ केली, सपाट केली, वर मऊ गवत लावलं. बंदरावर अशी जागा आणखी कशासाठी करतात? जाळी वाळवायला. त्यांचा हिशोब चोख होता. ग्रीन म्हणजे काय हे मी मावशीला सांगितलं होतं, आणि मावशीने घरी ‘चेंडवाचं कायतरी’ एवढंच सांगितलं होतं.

आठवडाभरात जाळ्यांतल्या मिठाने गवत पिवळं पडलं, मग तपकिरी. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होती. मॅडम येऊन बघून गेल्या. “अजून वेळ आहे. नवीन गवत लाव आणि कुंपण घाल,” त्यांनी सांगितलं. सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. तारेची गुंडाळी आणायला मी पालघरच्या बाजारापर्यंत गेलेही. दुकानदाराने विचारलं, “गुरं आत येतात का?” मी म्हटलं, “नाही, माणसं.” माझ्याच तोंडून ते ऐकलं आणि मी गुंडाळी परत ठेवली. ज्यांनी जागा दिली त्यांना त्याच जागेच्या बाहेर ठेवायचं, तर मग बाबांची पत्रकं मी कशाला वाचली?

मेलेलं गवत उपटायला बसले तेव्हा एक गोष्ट दिसली. खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या दलदलीच्या, बाजूची कड हिरवी होती. जाळी तिथेही पडली होती. पण तिथे माझं गवत नव्हतंच. खाजणाच्या बांधावरचं बारीक, चिवट गवत सरकत आत आलं होतं. भरतीचं पाणी अंगावर घेत जगणारं गवत ते, त्याला जाळ्यातलं मीठ काय करणार? मी आतापर्यंत त्याला तण म्हणून उपटत होते. आता ते यंत्राने अगदी बारीक कापून बघितलं. ते मेलं नाही. उलट आडवं पसरलं, दाट झालं.

मग मी पूर्ण पट्टी उकरली. खाली दगडी कचेचा थर नव्याने घातला, म्हणजे खारं पाणी साचणार नाही. बांधावरून मुळांसकट तुकडे आणून लावले. मावशी आणि तिच्या दोघी मैत्रिणी मासळीचा बाजार आटोपून लावायला बसल्या. तांडेलकाकांना मी ग्रीन म्हणजे काय ते नीट सांगितलं, चेंडू घरंगळवून दाखवला.

“आदी बोलायचं ना,” ते म्हणाले. “आता जाळी उचलतो. परत नाय टाकनार.”

“मुळं धरेपर्यंत नका टाकू. मग टाका. रोज टाका.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “मग तुझ्या मास्तरांच्या आदी गवताची परीक्षा आमीच घेतो.”

त्यांनी ती घेतली. फेब्रुवारीपासून सकाळी जाळी, दुपारी मी. जाळी उचलली की पिंपातलं पाणी घालून मीठ खाली ढकलायचं, आणि ऊन उतरलं की कापणी. गवत कधी रुसलं नाही.

परीक्षेच्या सकाळी मॅडम दोन परीक्षकांना घेऊन आल्या. त्यातले ज्येष्ठ परीक्षक पांढऱ्या बुटांत होते. त्यांच्यासमोर ग्रीन नव्हती, निळी जाळी होती.

“हे काय आहे?” त्यांनी मला विचारलं. “ग्रीनवर मासेमारीची जाळी ठेवू दिलीत तुम्ही?”

मी तोंड उघडायच्या आत तांडेलकाका उठले. “साहेब, जाळी आमची, जागा पन आमची. गवताला विचारा, त्याची काय तक्रार हाय का.”

चौघांनी मिळून जाळी उचलली. खाली हिरवं होतं. सलग, बारीक, ओलं हिरवं. परीक्षकांनी चेंडू सोडायची, खाच असलेली धातूची पट्टी टेकवली, तिच्यावर चेंडू ठेवला, पट्टीचं टोक हळूहळू वर उचललं. चेंडू सुटला आणि सरळ रेषेत गेला, कुठे उडाला नाही, कुठे अडला नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूने सोडला. मग तिसऱ्या. मग बूट काढून अनवाणी चालून बघितलं. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायांचे हातही थांबले होते.

“पाणी कुठलं?”

मी पिंपाचं झाकण काढलं. ते वाकले आणि लगेच दोन पावलं मागे सरले. बाया फसकन हसल्या.

“हे कुणी पिणार नाही, एवढं नक्की,” ते म्हणाले, आणि स्वतःही हसले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, “समुद्रकाठच्या मैदानांसाठी लोक परदेशातून गवत मागवतात. हिने बांधावरून आणलं.” मॅडमनी माझ्या पाठीवर एक थाप मारली, ती अजून पाठीवर आहे.

बाबा आले होते. पहिली पाळी बुडवून, मला न सांगता, पेट्यांच्या थप्पीमागे उभे होते. सगळे गेल्यावर पुढे आले, खाली बसले, गवतावरून तळवा फिरवला आणि नाकाशी नेला.

“बोंबील,” ते म्हणाले.

“पाणी कुणाचं?” मी विचारलं.

“कुनाचंच नाय.”

“जागा कुणाची?”

त्यांनी परत जाळी पसरायला लागलेल्या तांडेलकाकांकडे मान हलवली. मग जाळ्याचं एक टोक त्यांनीही धरलं.

मी प्रथम श्रेणीत पास झाले. निकालाच्या आठवड्यातच बातमी आली की आमच्या जवळच्या बेटेगावच्या बाजूला कुणीतरी मोठी हिरवळ करायची बोलणी करतंय. बाबांनी पत्रकाचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “मसुदा तू लिही. आतापर्यंत आमी फक्त इचारत होतो. उत्तर तुला ठावं हाय.”

मी मसुदा लिहिला, आणि त्यातलंच शेवटचं इथे तुमच्यासाठी ठेवते. तुमच्या गावात मैदान, बाग, रिसॉर्ट, काहीही हिरवं होणार असेल तर ग्रामसभेत उभे राहा आणि ते दोन प्रश्न मोठ्याने विचारा. ‘दुसरा मार्गच नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एका सकाळी सातपाटीला घेऊन या. ग्रीनवर जाळी पसरलेली असतील. एक टोक तुम्ही धरा, दुसरं त्याच्या हातात द्या, आणि उचलून दाखवा.