बोर्डाची मागची बाजू

ट्रामच्या सबस्टेशनात करंटकाकांनी सदतीस वर्षं काढली. शहराची वीज पुढे-मागे वाहणारी, आणि ट्रामला हवी एकाच दिशेने जाणारी. हा बदल करायचा काचेचा एक भलामोठा फुगा. त्याच्या तळाशी पारा, आणि पाऱ्यावर निळी-जांभळी ठिणगी सतत नाचत असायची. नव्या माणसाला बघून धडकीच भरे. काका म्हणत, "नाचू दे. थांबली तर घाबर."

पुढे कपाटाएवढं नवं यंत्र आलं आणि फुगा बंद पडला. काकांकडे जुन्याची राखण तेवढी उरली. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागोमाग फुगा, स्विचबोर्ड, सगळंच भंगारात निघणार होतं. वारसा समितीच्या मॅडमनी 'ठेवा' म्हटलं तरच ते वाचणार होतं, आणि मॅडम सोमवारी बघायला येणार होत्या.

आता साहेब येणार म्हटल्यावर खात्यातला माणूस काय करतो? रंग काढतो. काकांनी करड्या ऑइलपेंटचे डबे आणले आणि दोन दिवस गुडघे दुखेपर्यंत बसून अख्ख्या बोर्डाला दोन हात दिले.

"पोरीच्या लग्नात घराला एवढा रंग लावला नव्हता," काकू म्हणाल्या.

"घर बघायला समिती येत नव्हती."

सोमवारी मॅडम बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "हा रंग कधीचा?"

"परवाचाच!" काकांची छाती फुगली होती.

"आणि खाली काय होतं?"

"काळा दगड हो, पाटीचा असतो तसा. त्यावर जुनी सोनेरी अक्षरं. पार विटली होती."

"काका, तीच बघायला आले होते मी."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. भंगारवाला येण्याआधीच आपण स्वतःच्या हाताने वाट लावली, हे त्यांना कळून चुकलं.

मॅडमनी बॅटरी काढली. "मागून बघते."

"मागे नका जाऊ," काका गडबडीने म्हणाले. "मागे रंग नाही लावलेला."

लावलेला नव्हताच. खात्यात मागची बाजू कधीच कुणी रंगवत नाही, कारण कुठलाही साहेब मागे जात नाही. मॅडम मात्र पोहोचल्यासुद्धा होत्या.

मागच्या दगडावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कोरलेल्या ओळीच ओळी होत्या. 'चार नंबरचा खटका दोनदा पडतो. तिसऱ्यांदा पडला तरच साहेबांना उठवा.' 'मुलगी झाली. पहाटे निरोप आला, पाळी संपवूनच गेलो.' 'हा खटका मारू नये. मी मारला.' मॅडम खाली बसून वाचत राहिल्या. मध्येच एकट्याच हसल्या.

"कुणी लिहिलंय हे?"

"पाळीवरच्या लोकांनी. माझ्याआधीच्या, माझ्याबरोबरच्या."

"काका, असले फुगे अजून दोन-तीन ठिकाणी मिळतील. हे कुठेच मिळणार नाही. बोर्ड संग्रहालयात जातोय. फुगाही त्याच्यासोबत."

काकांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"यातली तुमची ओळ कुठली?" मॅडमनी विचारलं.

काका ओशाळले. "माझी नाही. बोर्डावर लिहायला मनाई होती ना. मी आपला नियम पाळला." मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "आता लिहू का? कोपऱ्यात. दोनच शब्द."

मॅडमनी बॅटरी बंद केली. "ठेवायचं ठरलं ना काका, आता त्याला कुणीच हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

काकांनी मान डोलावली. नियम पाळल्याचा पस्तावा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाला, आणि चांगलाच झाला.

पुढच्या आठवड्यात बोर्ड हलवायला माणसं आली. काका दारापासून ट्रकपर्यंत त्यांच्या मागे ओरडत होते, "मागच्या बाजूला हात लावू नका रे! तिथं लोकांनी लिहिलंय!"