जपानची गाडी आणि तेलगावचा फाटा

आण्णांनी हैदराबादहून जुनी कार आणली त्या दिवशी आमच्या तेलगावच्या घरापुढं एवढी माणसं जमली की आईनं चहाचं पातेलं दोनदा चढवलं. आण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर ऊस लावला, ट्रॅक्टर चालवला, माजलगावला जायचं तर जीपच्या मागं लोंबकळत गेले, आणि केस पांढरे झाल्यावर यांना कार सुचली. तीसुद्धा साधी चालणार नव्हती, इंपोर्टेडच पाहिजे होती. आई म्हणाली, बैल म्हातारा झाला की त्याला झूल आठवते. आण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी बीडला शाळेत शिकवते, रविवारी माहेरी जाते. पुढच्या रविवारी गेले तर गाडीच्या मागच्या काचेवर हातभर अक्षरांत लाल रेडियममध्ये लिहिलेलं, 'इंपोर्टेड'. मला हसावं का रडावं कळेना. लोक काचेवर देवाचं नाव टाकतात, लेकरांची नावं टाकतात. मी म्हटलं, आण्णा, ही काय थेरं? तर म्हणे, जे हाय ते लिहिलं.

गाडीचा नंबर तेलंगणाचा. आपल्या राज्यात चालवायची तर इथलं पासिंग करावं लागतं आणि इथला टॅक्स भरावा लागतो. घरात शिकलेली आणि त्यातून बीडला राहणारी मीच, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात आलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ठाऊक होतं, त्यासाठी मनाची तयारीही केली होती. पण आण्णांची तयारी वेगळीच निघाली. आरटीओ ऑफिसात तपासणीला गाडी उभी केली तेव्हा ते इस्त्रीचं धोतर अन् नवी टोपी घालून तिच्या शेजारी उभे राहिले, लग्नात नवरदेवाचा बाप उभा राहतो तसे. तपासणीचे साहेब मागून फिरत आले, रेडियम वाचलं आणि सहज विचारलं, बाहेरून आलेली गाडी का? आण्णा छाती काढून म्हणाले, "जपानची हाय साहेब. खुद्द जपानची." मी तेव्हा झेरॉक्सच्या रांगेत होते, नाहीतर तिथंच त्यांच्या तोंडावर हात ठेवला असता.

झालं. टॅक्स लागला तो आयात गाडीच्या दरानं. आकडा मी दोनदा वाचला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. असलीच अजून एक जुनी गाडी घ्यायची तर निम्म्याच्या वर पैसे त्यातून निघाले असते. मी खिडकीपाशी तावातावानं विचारलं, तर आतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की परदेशात बनून आलेल्या गाडीचा दर निराळा असतो आणि मालकानं स्वतःच्या तोंडानं तसं सांगितलंय. हरकत असेल तर मालकानं अर्ज द्यावा, गाडी परत आणावी, साहेब पुन्हा बघतील. बाईंचं काही चुकलं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. कुणावर काढावा हेच कळेना.

तेलगावला परत आल्यावर मी गाडीची इंच न् इंच तपासली. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पत्र्याची एक बारकी पट्टी दिसते, तिच्यावर चेसिस नंबर असतो. धूळ पुसली तर नंबराखाली स्वच्छ लिहिलेलं, 'मेड इन इंडिया'. कंपनी जपानची होती, पण गाडी आपल्याच देशातल्या कारखान्यात बनलेली. मला एवढा आनंद झाला की मी अंगणातूनच आण्णांना हाका मारल्या. ते आले, वाकून पट्टी बघितली, आणि दार हळूच लावून घेतलं.

म्हणाले, "ते मला हैदराबादलाच दिसलंय."

मग अर्ज का न्हाई द्यायचा, मी विचारलं. ते म्हणाले, टॅक्स भरू. मी म्हटलं, कशाला? तर, भरू म्हणलं ना. माझं डोकंच फिरलं. मी नको नको ते बोलले. म्हशी विकून टॅक्स भरणार का, म्हातारचळ लागलाय का, लोकांत मिरवायला असले पैसे उधळतात का. आई मला गप बस गप बस म्हणत होती. आण्णा पायरीवर बसले. पान खायचं सोडून दिलेलं, तरी सवयीनं खिसा चाचपला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलेलं नव्हतं.

माजलगावात आण्णांचा एक दोस्त आहे, मोटार मेकॅनिक. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मी चाचा म्हणते. माझ्या जन्माच्या आधीपासूनची दोस्ती. ईदचा शीरखुर्मा डब्यातून आमच्याकडं येतो, आमच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडं जातात, आणि दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय एक वाक्य बोलत नाहीत. धरणाचं काम चालू होतं तेव्हा दोघं विशीतली पोरं. एकदा तेलगावच्या फाट्यावर कुण्या बड्या साहेबाची परदेशी गाडी बंद पडली. चाचा तेव्हा नुकते काम शिकत होते. भर उन्हात गाडीखाली शिरले, तास-दीड तास खटपट केली आणि गाडी चालू करून दिली. साहेब खूश झाला. माजलगावचा रस्ता दाखवायला कुणीतरी चला म्हणाला. दोघंही निघाले, तर साहेबानं चाचांना दारातच अडवलं. तू नको, सीट खराब होईल. चाचांचे कपडे ऑइलनं माखलेले होते. आण्णांचे स्वच्छ होते. आण्णा बसून गेले, आणि चाचा संध्याकाळी उसाच्या ट्रकवर बसून घरी पोचले.

"तवाच बोललतो त्याला," आण्णा म्हणाले. "एक दिवस मी इंपोर्टेड गाडी घेईन अन् तुला तसल्याच कपड्यांवर बसवीन. आता हापिसात जाऊन कसं सांगू, की इंपोर्टेड न्हाई म्हणून?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी आल्यापासून चाचा तीत एकदाही बसले नव्हते. गॅरेजच्या खड्ड्यावर आण्णाच गाडी चढवायचे, चाचा खालून काम करायचे. आण्णा म्हणायचे, इथलं पासिंग होऊ दे, नव्या नंबरची पाटी लागली की पैल्यांदा तू बसायचं. आणि चाचा म्हणायचे, बसू की, घाई काय हाय.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. ऊर भरून आला आणि रागही तसाच राहिला. असल्या येडपट माणसाच्या पोटी आपण जन्मलो याचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. आण्णांनी मला बजावलं, मिस्त्रीला यातलं काही सांगायचं न्हाई. मी हो म्हटलं, शाळेत रजा कळवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं माजलगावला गेले.

चाचा एका पिकअपखाली खड्ड्यात उतरलेले होते. मी वरूनच सगळं सांगितलं. टॅक्स, पट्टी, म्हशी, सगळं. खालून पान्याचा आवाज यायचा थांबला. मग ते वर आले आणि हातसुद्धा न धुता मला म्हणाले, "चल." रस्त्यात एवढंच सांगितलं, की गाडी इथलीच आहे हे त्यांनाही खड्ड्यातून पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आण्णांचं तोंड एवढं फुललेलं, मग सांगून काय करायचं? मी कपाळावर हात मारला. दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघं एकमेकांना जपत बसले होते. यांच्या जपण्यात माझ्या आईच्या म्हशी चालल्या होत्या.

आण्णा गोठ्यात होते. चाचांना माझ्याबरोबर बघून ते काय ते समजले आणि माझ्याकडं असं बघितलं, की लहानपणी मी आडात घागर पाडली तेव्हासुद्धा तसं बघितलं नव्हतं. चाचा बाजेवर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"त्या दिशी मला गाडीचं वाईट वाटलं असं तुला कावून वाटतं बे?"

आण्णांनी पेंडीची बादली उचलली.

"गाड्या लई पाहिल्या मी. मला त्या सायबाचं बी वाईट न्हाई वाटलं. तू बसून गेलास, त्याचं वाटलं. मागं वळून बी न्हाई पाह्यलंस."

मला वाटलं, आपण हे काय करून ठेवलं. एवढ्या वर्षांची दोस्ती आणि मी एका टॅक्सपायी तिची खपली काढली. आईनं आतून पाणी आणलं, कुणी घेतलं नाही. आण्णा पेंडीची बादली तशीच धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, उद्या बीडला जाऊ. चाचा म्हणाले, मी बी येतो. आणि आले तसे एसटीनं निघून गेले. सोडायला गाडी काढतो म्हणायचं धाडस आण्णांना झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा माजलगावहून कामाच्याच कपड्यांवर आले, आणि येताना एक रिकामं पोतं घेऊन आले. मागच्या सीटवर ते पोतं नीट अंथरलं आणि त्यावर बसले. आण्णांनी आरशात बघितलं. बीडपर्यंत ना शिवी ना चेष्टा, असा त्या दोघांचा प्रवास मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला.

ऑफिसात अर्ज मी लिहिला, पण साहेबांपुढं आण्णाच बोलले. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "साहेब, मी खोटं बोललतो. गाडी हितलीच हाय." साहेबांनी खाली येऊन पट्टी बघितली, कागद ताडून बघितले, आणि दर बदलून देऊ म्हणाले. जाता जाता काचेकडं बोट करून म्हणाले, बाबा, आधी ते काढा. चाचांनी खिशातून ब्लेड काढलं, पण आण्णांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः एकेक अक्षर खरवडलं. रेडियम काही सहजासहजी निघत नाही. आण्णांना घाम फुटला होता. चाचा शेजारी उभे राहून फडक्यानं काच पुसत होते.

परत येताना वडवणी मागं टाकली, तेलगाव आलं. आमचं घर गावात, पण आण्णांनी गाडी गावात वळवली नाही, थेट फाट्यावर नेली आणि माजलगावच्या वळणाशी उभी केली. उन्हाचा तडाखा होता. ते उतरले, मागचं दार उघडलं, चाचांच्या खालचं पोतं ओढून काढलं आणि रस्त्याकडंच्या बाभळीखाली फेकलं. मग चाचांना दंडाला धरून पुढं आणलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. चाचा नको नको म्हणत होते, कपडे बघ माझे म्हणत होते. आण्णांनी दार लावलं. मला म्हणाले, "बाई, तू बस त्याच्याबरोबर. मी येतो मागून, उसाचा ट्रक भेटंल एखादा."

मी काहीतरी बोलणार होते. चाचांनी मला मानेनंच गप केलं आणि गाडी सुरू केली.

फाटा मागं पडला. मी वळून बघितलं तर आण्णा उन्हात उभे, धोतराचा सोगा डोक्यावर घेतलेला, आमच्याकडंच बघत होते. चाचांनी वळून बघितलं नाही, ते आरशात बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गुडघे ऑइलचे, सीटवर काळा डाग उमटायला लागलेला. पुढच्या पुलापाशी त्यांनी गाडी थांबवली. डोळे मनगटानं पुसले, तर कपाळाला काळं लागलं. मग रिव्हर्स गिअर टाकला आणि त्या सगळ्या रस्त्यावरून, मागून हॉर्न वाजत असताना, गाडी उलटी चालवत फाट्यावर आणली. आण्णांच्या पुढ्यात थांबवली. माझ्यावरून आडवा हात घालून माझ्याच बाजूचं दार उघडलं. मी उतरून मागं गेले.

"बस बे," चाचा म्हणाले. "ऊन लई हाय."